म्हातारपणाची सोय

समाजसेवी संस्थेत नोकरी करणाऱ्या माणसाला म्हातारपण येत नाही, असा आमच्या भागातल्या संस्थाचालकांचा पक्का समज आहे. आलंच, तर तो त्याच्या घरचा प्रश्न.

आमची संस्था सानगडीची. महिला, पाणी आणि बालविकास अशा तीन विषयांवर काम करते आणि त्यासाठी एकाच दारावर तीन पाट्या लावते. पाहुण्यांना वाटतं, केवढा हा पसारा! खरं कारण असं की दहा माणसं कामाला असली की ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होतो, म्हणून आमचे सचिव प्रफुल्लभाऊ कोणत्याच पाटीखाली नऊच्या वर माणूस जाऊ देत नाहीत. वर आम्हाला मिळतं ते मानधन. मानधन म्हणजे पगारच, फक्त वाढवून मागायची लाज वाटावी म्हणून नाव बदललेला.

मी रुपा, इथली पर्यवेक्षिका. गावोगावी फिरून बायकांना पेन्शन योजनांचे फायदे समजावणं हे माझं काम. अर्ध्या साकोली तालुक्याला मी पेन्शनीत बसवलं, आणि स्वतः बसायचं सुचलं तेव्हा वयाची अट उलटून गेली होती. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. पन्नाशी ओलांडली तशी मला खरोखर भीती वाटायला लागली, आणि वेळेत एखादी बरी संस्था गाठावी म्हणून मी दोन ठिकाणी विचारून आले.

चिखल्याकडे खाणकामगारांच्या आरोग्यासाठी काम करणारी एक संस्था आहे. तिथले अध्यक्ष छाती काढून म्हणाले, "आमच्याकडं पीएफ हाये, ताई. कर्मचाऱ्याचा हिस्सा अन् संस्थेचा हिस्सा, दोन्ही टायमावर भरतो." भरत होते हे खरं. दोन्ही हिस्से कर्मचाऱ्याच्याच पगारातून कापून भरत होते. मी हे बोलून दाखवलं तर म्हणाले, "पैसा शेवटी तुमचाच न!"

गोसीखुर्दच्या बाजूला एका पुनर्वसन गावात मासेमारांसाठी काम करणारी दुसरी संस्था. तिथे निवृत्त होणाऱ्याला आजीवन सभासदत्व देतात आणि दरवर्षीची वर्गणी त्याच्याकडूनच घेतात. "आणखी काही?" मी विचारलं. "वार्षिक सभेले जेवण," ते म्हणाले. जेवणात मासे असतात. आमची धरून तिन्ही संस्था धुंडाळून पदरात पडेल असा तेवढाच एक लाभ मला दिसला, आणि तो खायला धरणापर्यंत जावं लागणार होतं.

दगडापेक्षा वीट मऊ म्हणावं, तर सगळीकडे दगडच. मी आपली सानगडीतच राहिले. तेवढ्यात मनकर्णाबाईंचा निरोप समारंभ आला.

मनकर्णाबाई आमच्या स्वयंपाकीण. शिबिर कोणत्याही पाटीचं असो, भात त्यांनी शिजवला आणि चहा त्यांनी केला. नवरा गेलेला, मूल नाही, गुडघे धरलेले. राहायला दिराच्या घरची पडवी. पगार बंद होणार हे कळताच जावेनं त्या पडवीत धानाची पोती ठेवायचं नक्की केलं होतं. ग्रॅच्युइटी मिळाली असती तर बाईला कुठेतरी खोली बघता आली असती. नाही मिळाली तर धान आत आणि बाई बाहेर, इतका सरळ हिशेब होता.

समारंभ झोकात झाला. शाल झाली, नारळ झाला. प्रफुल्लभाऊ भाषणाला उभे राहिले. "मनकर्णाबाई आमची माय होये," ते म्हणाले. "मायले कोणी निरोप देते का? हे घर तुमचंच हाये. कधी बी या, हक्कानं या." टाळ्या पडल्या. लोकांनी डोळे पुसले. मी पुसले नाहीत, कारण मी डोळे वटारून बसले होते.

कार्यक्रमानंतर मी त्यांना बाजूला घेऊन ग्रॅच्युइटीचं विचारलं.

"रुपाताई, कायद्याची भाषा काहून करून राहिल्या?" ते दुखावल्यासारखे म्हणाले. "आपण कुटुंब हावो. कुटुंबात म्हातारीले कोणी ग्रॅच्युइटी देते का?"

याचं उत्तर दुसऱ्या दिवशी मनकर्णाबाईंनी दिलं. सकाळी कार्यालय उघडतं न उघडतं तोच ऑटोतून बाई उतरल्या. एक पत्र्याची पेटी, एक वळकटी आणि टोपलीखाली एक कोंबडी. कोणाला काही न विचारता त्यांनी पाहुण्यांच्या खोलीत वळकटी पसरली.

प्रफुल्लभाऊ धावत आले. "हे काय, मनकर्णाबाई?"

"घरी आली न, बापा. तूच त काल म्हणलास, हक्कानं या."

"तसं नोहे ते..."

"मंग कसं होये?"

आता हे कसं सांगणार? भाषण अर्ध्या गावानं ऐकलेलं. बाईला हाकलावं तर त्याच गावात तोंड दाखवायचं. प्रफुल्लभाऊ हसल्यासारखं करून निघून गेले, आणि कोंबडी तिन्ही पाट्यांखालून मोकळी हिंडू लागली.

मी दुपारी हळूच विचारलं, "मावशी, तुम्हाला खरंच तसं वाटलं, की मुद्दाम आलात?"

त्या वळकटीवर बसून गुडघे चोळत होत्या. "जायले दुसरी जागा असती न, माय, त ते भासन होये म्हणून समजली असती."

मी उठून त्यांच्या गुडघ्यांसाठी तेल शोधायला गेले.

पण प्रफुल्लभाऊ काही कच्चे नाहीत. पुढच्याच महिन्यात आम्हाला निधी देणाऱ्या कंपनीच्या उर्वशी मॅडम नागपूरहून यायच्या होत्या, आणि त्यांच्याकडे यंदा वृद्धांसाठी पैसा होता. भाऊंनी दोन दिवसांत प्रस्ताव केला: निराधार वृद्ध महिलांसाठी निवारा केंद्र. पहिली लाभार्थी आयती खोलीत बसलेली होतीच. दारावर चौथी पाटी चढली. मनकर्णाबाईंना जाड गादी आली, पंखा आला, रोज पावभर दूध सुरू झालं. गुडघे तपासायला डॉक्टरसुद्धा येऊन गेला. इतकी वर्षं याच गुडघ्यांवर त्या शिबिराची पातेली उतरवत होत्या, तेव्हा कोणाला डॉक्टर आठवला नव्हता. म्हणजे आमच्या जिल्ह्यात संस्थेकडून निवृत्तीचे उत्तम लाभ हवे असतील, तर तिथे नोकरी न करणं हाच खात्रीचा मार्ग.

पाहुण्या यायच्या सकाळी भाऊंनी बाईंना पढवलं. "काही काम नाही करायचं. गादीवर बसून रायचं. विचारलं त निराधार हावो म्हणायचं."

"निराधार म्हणजे?"

"ज्याचं कोणी नाही, तो."

"अन् आपलं ते कुटुंब?"

"ते आपल्या आपल्यात," भाऊ म्हणाले. "बाहेर नाही सांगायचं."

उर्वशी मॅडम आल्या. तरुण, मितभाषी, सगळं नीट बघणाऱ्या. भाऊंनी त्यांना खोलीत नेलं, आम्ही मागे उभे. "या आजी आमच्याकडे आल्या तेव्हा यांचं जगात कोणी नव्हतं," भाऊंनी पाहुण्यांसाठीची शुद्ध मराठी काढली. "आम्ही म्हटलं, हे घर तुमचंच." मॅडमना ते भावलेलं दिसत होतं. त्यांनी खुर्ची गादीजवळ ओढली. भाऊही खुशीत बसले, घाम पुसला आणि मान न वळवता, रोजच्या सवयीनं मोठ्यानं म्हणाले,

"मनकर्णाबाई, चार कप चहा आणा! साखर कमी!"

खोलीत कोणी हललं नाही. एकट्या मनकर्णाबाई तेवढ्या उठायला लागल्या. सवय त्यांनाही होतीच. गुडघ्यावर हात टेकून त्या अर्ध्या उठल्या, क्षणभर तशाच थांबल्या आणि पुन्हा गादीवर टेकल्या.

"लाभार्थी चहा नाही करत, भाऊ," त्या म्हणाल्या. "लाभार्थी बसून रायते. सकाळी तूच सांगतलं."

मॅडमनी भाऊंकडे पाहिलं, मग बाईंकडे. "आजी, तुम्ही इथे कामाला होता?"

"होती न."

"कधीपासून?"

"ह्या भाऊले मिसरूड फुटली नोहोती, तवापासून."

"मग निवृत्तीच्या वेळी संस्थेनं तुम्हाला काय दिलं?"

प्रश्न बाईंना होता, पण तोंड भाऊंनी उघडलं. कुटुंब हा शब्द त्यांच्या ओठापर्यंत आला असणार, माझी खात्री आहे. तो बाहेर पडला नाही. मग मीच बोलले. उद्या माझंही मानधन बंद होणार हे मला दिसत होतं.

"काही दिलं नाही, मॅडम. ग्रॅच्युइटी द्यायची आहे. ती दिली असती तर या इथे राहायला आल्याच नसत्या."

भाऊंनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मी विसरणार नाही. मला भीती वाटली, आणि खोटं कशाला बोलू, आनंदही झाला.

मॅडमनी प्रस्ताव मिटून भाऊंच्या हातात दिला. "आधी यांचे पैसे चुकते करा, सचिवसाहेब," त्या शांतपणे म्हणाल्या. "मग निराधार किती उरतात, ते बघू."

त्या बाहेर गेल्या, भाऊ त्यांच्यामागे काहीबाही समजावत गेले. खोलीत आम्ही दोघीच उरलो.

"रुपा, पैसे भेटले त मी निराधार नाही रायणार न व?"

"नाही, मावशी."

"मंग हे गादी?"

"ती परत द्यावी लागेल."

त्यांनी गादीवरून एकदा हात फिरवला. खरोखरच मऊ होती.

"देऊन टाक," त्या म्हणाल्या. "मले खालीच झोप लागते."