गार पाण्याचा ठराव

साहेब नोकरीतून रिटायर झाले, सोसायटीचे सेक्रेटरी झाले आणि त्यांनी बिल्डिंगचं गरम पाणी हातात घेतलं. तळघरात सगळ्यांचा मिळून एकच बॉयलर. तो जास्त पेटला की साहेबांचं डोकं पेटायचं. ‘आंघोळ पाच मिनिटांत उरका’ अशी पाटी त्यांनी जिन्यात लावली. पण दुसऱ्याच्या बाथरूममध्ये कोण डोकावणार? म्हणून सगळा जोर बायकोवर. ती आत गेली की हे बाहेर स्वयंपाकघरातला टायमर घेऊन हजर.

“अहो, डोक्याला साबण आहे!”

“साबणाला वेगळा वेळ नाही!”

गुडघे शेकायला बिचारी दोन मिनिटं जास्तीची मागायची. नऊ वर्षांत तीही मिळाली नाहीत.

यंदाच्या थंडीत मात्र आक्रीतच झालं. बॉयलर दिवसभर घरघरतोय आणि नळाला कोमट पाणी! चौथ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर टॉवेल गुंडाळूनच दारात आले. “साहेब, तुमच्या बचतीपायी आमचा बर्फ झाला. आता सेक्रेटरी मीच होणार!”

साहेबांनी घाईने दार लावून घेतलं. नोकरी संपली, मुलं लांब गेली, उरलं होतं ते हे एवढं एक पद. तेही गेलं तर सकाळी उठून करायचं काय?

त्यांनी तातडीने मीटिंग बोलावली आणि टेबलावर हात आपटला. “कोणाच्या तरी घरात घोळ आहे. ज्याचा निघेल, त्याने महिनाभर गार पाण्याने आंघोळ करायची! मंजूर?”

सगळ्यांचे हात वर गेले. सगळ्यात आधी बायकोचा.

दुसऱ्या दिवशी प्लंबरबाई आल्या. बोलणं मोजकं, हात चपळ. एकेका घराचा व्हॉल्व्ह त्या बंद करायच्या आणि चौथ्या मजल्यावर नळ सोडून उभे असलेले डॉक्टर पाणी गरम झालं की नाही ते जिन्यातून ओरडून सांगायचे. साहेब प्रत्येक दारात म्हणायचे, “इथेच असणार, मला पहिल्यापासून संशय होता.” आणि वरून आवाज यायचा, “कोमटच!”

अशी सतरा घरं झाली. सतरा शेजारी दुखावले.

“एकच राहिलं,” बाई म्हणाल्या. “तुमचं.”

“छे! आमच्याकडे तर मी बचतीचं बटण बसवलंय.”

“कसलं बटण?”

साहेबांनी कौतुकाने बाथरूम दाखवलं. शॉवरच्या तोंडाशी एक बटण. साबण लावताना दाबलं की पाणी बंद. आंघोळ झाल्यावरही बटण दाबलेलं आणि खालचे दोन्ही नळ उघडेच ठेवायचे, म्हणजे गरम-गार पुन्हा जुळवत बसायला नको. “थंडीच्या सुरुवातीला मी स्वतः लावलं!”

बाईंनी कपाळाला हात लावला आणि व्हॉल्व्ह फिरवला. थोड्या वेळाने वरून किंकाळी आली, “आलं! अहो, भाजलं!”

“बटण दाबलं की पाण्याला बाहेर पडायला वाट नाही,” बाई म्हणाल्या. “नळ उघडेच, आणि गार पाण्याचा जोर जास्त. ते उलटं गरम पाण्याच्या पाइपात शिरतं. तुम्ही दिवसभर अख्ख्या बिल्डिंगला गार पाणी पाजताय, काका.”

साहेब मटकन स्टुलावर बसले. काखेत कळसा आणि गावाला वळसा! बायकोने पदर तोंडाला लावला, पण खांदे काही थांबेनात.

डॉक्टर तावातावाने खाली आले खरे, पण साहेबांचा चेहरा बघून विरघळले. “पद तुमच्याकडेच राहू द्या, मला कुठे वेळ आहे? बटण तेवढं काढा. ठराव मात्र ठराव!”

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांची आंघोळ दुसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू गेली. पाऊण मिनिटात ते दात वाजवत बाहेर आले.

“बटण तुम्ही बसवलंत, मी नाही,” असं म्हणत बायको आत गेली आणि तिने गरम पाणी सोडलं.

सवयीने साहेब टायमर घेऊन दाराशी उभे राहिले. फटीतून वाफ आली. मग आतून गुणगुणणं ऐकू आलं. ही गाते? नऊ वर्षांत कधी ऐकलं नव्हतं. कसं ऐकणार? मी गाऊ कुठे दिलं? साहेबांना स्वतःचीच लाज वाटली.

टायमर वाजला. त्यांनी तो घाईघाईने टॉवेलात दाबून गप्प केला आणि हळूच दार वाजवलं.

गाणं थांबलं. “झाली का पाच मिनिटं?”

“नाही गं. गुडघ्यांना पुरेल इतकं गरम येतंय ना, एवढंच विचारायचं होतं.”

आतून नळ आणखी थोडा सोडल्याचा आवाज आला.

“येतंय. आता दारातून हला बघू.”

साहेब हलले.