कपाटातला दुसरा वादक

आजोबांची अंगठ्यांनी वाजवायची म्बिरा अखेर आमच्याच घरात राहिली, आणि प्रोफेसर मापोसा बस पकडायच्या घाईत आपला काळा चष्मा आमच्या अंगणात विसरून गेले. हे वाक्य मी लिहिलेलं नाही आणि तुम्ही वाचलेलं नाही. असं काही घडलेलंच नाही. अजून रविवारची सकाळ आहे, अंगणात पाय ठेवायला जागा नाही, आणि निम्मं म्होंदोरो गाव माझं कपडे ठेवायचं कपाट बघायला रांगेत उभं आहे.

बायका हर्षाचे चीत्कार काढत होत्या. म्हातारे ओंजळीने टाळ्या वाजवून कपाटाला नमस्कार करत होते. कपाटाच्या दारावर माझी विजार लटकत होती. तिलाही दोघांनी नमस्कार केला.

"आत तेच आहेत ना?" शेजारच्या आजीबाईंनी विचारलं.

"साक्षात!" एस्नात आत्या म्हणाली. "माझा बाप आहे आत!"

आता या चमत्काराचा जनक मीच, त्यामुळे थोडं स्वतःविषयी. माझी योजना अशी होती, की घरच्या घरी म्बिरा ध्वनिमुद्रित करायची आणि मग जगप्रसिद्ध व्हायचं. दुसरा भाग मला सोपा वाटत होता.

पहिला प्रयत्न अंगणात केला. त्यात कोंबडा उत्तम आला. शेळीही बरी आली. म्बिराच्या लोखंडी पट्ट्या मात्र दूर कुठे तरी भांडी घासल्यासारख्या वाजत होत्या, आणि वर सतत झणझण. ती झणझण म्बिराला ठोकलेल्या बाटल्यांच्या बुचांची आहे हे लक्षात येताच मी पक्कड घेऊन सगळी बुचं उपटली. माझी थोरली बहीण शुवाई शाळेत विज्ञान शिकवते. तिने ते ध्वनिमुद्रण ऐकलं आणि म्हणाली, "तोंगाई, भाजी, मटण, रस्सा सगळं फेकून नुसता मक्याच्या पिठाचा कोरा साद्झा वाढलास की रे. ती झणझण म्हणजे घाण नाही, गाढवा. तीच तर चव आहे."

मी बुचं परत ठोकली. एक अंगठ्यावरही ठोकून घेतलं.

मग मी कपाटात शिरलो. चारी बाजूंनी घोंगड्या लावल्या, बाहेरचा आवाज बंद. माइक आत्याच्या पत्र्याच्या मगमध्ये उभा केला. लॅपटॉप माझ्या वयाचा असावा. माइकमध्ये गेलेला आवाज माझ्या कानावरच्या हेडफोनपर्यंत आणायला त्याला अंमळ वेळ लागायचा. अंगठा आत्ता पट्टीवर, आवाज नंतर कानात. माझे अंगठे गोंधळून एकमेकांकडे बघायला लागले. म्हणून मी हेडफोन काढला, माइकशेजारी खिळ्याला अडकवला, आणि आवाज कमी न करता निवांत वाजवत बसलो. हा तपशील मी इतका सहज सांगतोय, यावरून माझी तेव्हाची बुद्धी कळावी.

वाजवून झाल्यावर ऐकलं, तर दोन म्बिरा होत्या.

आमच्याकडे म्बिरा जोडीने वाजवतात. एक जण पुढे चालतो. दुसरा पुष्कळदा तीच चाल जरासा मागून धरतो, म्हणजे त्याचे सूर पहिल्याच्या फटींत पडतात. आजोबा, म्हणजे गावाचे झिवानाई, जन्मभर मागून वाजवायचे. मला त्यांनीच पुढे चालायला शिकवलं. गेल्या थंडीत ते गेले, आणि तेव्हापासून माझ्या फटी रिकाम्याच होत्या. आता त्यात कुणी तरी हलक्या हाताने सूर टाकत होतं. अगदी जागच्या जागी.

विज्ञान शिक्षिकेचा भाऊ या नात्याने मी प्रथम किंचाळलो.

आत्या धावत आली. तिने ऐकलं आणि मटकन खाली बसली. "बाबाच," ती म्हणाली. "तसेच मागून येतायत. माझ्या लग्नालाही असेच मागून आले होते."

आत्याचा शब्द आमच्या घरात शेवटचा असतो. तिने प्रोफेसर मापोसांना बोलावलं, आणि या रविवारी, जेवणाची वेळ होता होता, रांगेतून वाट काढत ते आले.

मापोसा कशाचे प्रोफेसर होते हे त्यांच्या पाटीवर लिहिलेलं होतं: पूर्वज, परीक्षा, पाठदुखी आणि हरवलेल्या गायी. काळा चष्मा, बैलाच्या शेपटीची चवरी, चामडी बॅग. त्यांनी कपाटात डोकं घालून हुंगलं.

"वृद्ध पुरुष," ते म्हणाले. "नेटवर्क उत्तम आहे."

मग त्यांनी ध्वनिमुद्रण ऐकलं आणि चवरी थरथरवली. "थांबा! दोघांच्या मागे आणखी एक आहे. फार पुसट. हा त्यांचा दिवंगत भाऊ!"

"तोबियास काका?" आत्या दचकली. "ते तर ग्वेरूला असतात."

आम्ही फोन लावला. तोबियास आजोबा जेवत होते. "मी मेलो म्हणून कोण सांगतंय?" त्यांनी घास न थांबवता विचारलं. "आणि मला म्बिरा वाजवता येत नाही!"

"जिवंत माणसाचा आत्माही कधी कधी फिरायला निघतो," मापोसा शांतपणे म्हणाले. "दुपारच्या जेवणावेळी विशेष." गर्दीला हे पटलं. मलाही पटलं. माझ्या कपाटाला इतका मान मिळत होता, की मी काहीही पटवून घेतलं असतं.

मग मापोसांनी मुद्दा काढला. आजोबांचा आत्मा कपाटात घुसमटतोय. त्याला त्याची म्बिरा हवी आहे. ती त्यांच्या ताब्यात द्यावी. ते योग्य ठिकाणी पोचवतील.

आजोबांनी ती पट्टी पट्टी ठोकून स्वतः केली होती. मधल्या पट्टीवर त्यांच्या अंगठ्याने खळगा पडलाय. माझा अंगठा आता त्यातच बसतो. मी आत्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते. "बाबा मागतायत, तोंगाई," ती म्हणाली. "नाही कसं म्हणू?"

म्बिरा चामडी बॅगेत गेली. माझी प्रसिद्धी एकदम कमी झाली.

"प्रोफेसर," गर्दीतून शुवाईचा आवाज आला, "आजोबा आत्ता येतील?"

"बाई, आत्मा काय बस आहे?"

"बस कधीच येत नाही. हे तर रोज येतात म्हणता. सामान जसंच्या तसं आहे. जाण्याआधी एकदा दाखवा ना."

गर्दी ओरडली, "दाखवा! दाखवा!" शेंगा विकणाऱ्या बाईंनी विक्री थांबवली, म्हणजे प्रसंग गंभीर होता.

म्बिरा बाहेर आली. मी कपाटात बसून वाजवलं, मग लॅपटॉप दारूच्या दुकानातून आणलेल्या मोठ्या स्पीकरला जोडला. दुसरा वादक आला. मागून तिसराही. अंगण दणाणलं. मापोसांनी चवरीने वारा घेतला.

"आता मी," शुवाई म्हणाली. ती कपाटात बसली आणि माइकसमोर स्पष्ट बोलली, "प्रोफेसर मापोसा थापा मारतात."

स्पीकरमधून तिचा आवाज आला. पाठोपाठ, त्याच शब्दांवर चढून, एक पुसट आवाज: थापा मारतात. त्यामागून आणखी पुसट: मारतात.

"अरे बापरे," शेजारच्या आजीबाई म्हणाल्या. "झिवानाईंचंही तेच मत आहे!"

"आणि तोबियासचंही!" कुणी तरी भर घातली.

"आजोबा माझ्या आवाजात कसे बोलतील?" शुवाईने खिळ्यावरचा हेडफोन काढून घोंगडीत गुंडाळला आणि त्यावर बसली. "वाजव आता."

मी वाजवलं. ऐकलं. एकच म्बिरा. फटी रिकाम्या.

"आत्मा रुसला!" मापोसा गरजले.

शुवाईने हेडफोन परत खिळ्याला लावला आणि मला पुन्हा वाजवायला लावलं. दुसरा वादक हजर.

"लगेच समजूत निघाली?" ती म्हणाली. "हे बघा. म्बिरा माइकमध्ये जाते. हा म्हातारा लॅपटॉप ती जरा उशिरा हेडफोनमधून सोडतो. हेडफोन माइकच्या नाकाशी, म्हणून माइक तीच म्बिरा पुन्हा ऐकतो. ते ऐकलेलं परत हेडफोनमधून येतं, तो तुमचा तोबियास. दुसऱ्या गावात याला कुणी बिघाड म्हटलं असतं. आपल्याकडे दुसरा वादक तीच चाल मागून वाजवतो, म्हणून बिघाडाला आपण आजोबा म्हणालो. आणि तो खिळ्याला लावणारा शहाणा हा."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी विजारीआड झालो.

आत्या उठली. तिने मापोसांची बॅग स्वतःच्या हाताने बंद केली, रिकामीच, आणि त्यांना दिली. "पाठ दुखायला लागायच्या आत निघा," ती म्हणाली. पुढचं बसचं आणि चष्म्याचं तुम्ही वाचलेलं नाही.

गर्दी पांगल्यावर आत्या कपाटाशी बसून राहिली. "म्हणजे ते आलेच नव्हते?"

"नाही, आत्या," शुवाई म्हणाली.

"पण चाल त्यांचीच होती."

"चाल त्यांचीच. तोंगाईला त्यांनीच शिकवली ना."

आत्याने म्बिरा माझ्या मांडीवर ठेवली. "मग वाजव. कोंबड्याचं बघते मी."

लोकहो, भलता आवाज ऐकू आला तर आधी वायर कुठे जाते ते बघा. ज्याला तुमच्या मेलेल्या माणसाची वस्तू न्यायची घाई आहे, त्याची बॅग बघा. आपलं माणूस आठवायला चमत्कार लागत नाही, आणि जो चमत्कार पुन्हा करून दाखवा म्हटल्यावर रुसतो, त्याला खुशाल रुसू द्यावं. मी हे सगळं आता उत्तम जाणतो. तरीही नियमाप्रमाणे एक अर्ज केला आहे:

संबंधित कार्यालयास सविनय सादर. कै. झिवानाई यांस एका दुपारपुरती रजा मंजूर करून मागून वाजवण्यासाठी समक्ष पाठवण्यात यावे. हेडफोन खिळ्यावरून काढला आहे. कोंबडा बांधला आहे. वीज गेल्यास अर्जदार थांबण्यास तयार आहे. ते उशिरा आले तरी हरकत घेतली जाणार नाही.