सामंतबाईंचा उतारा

चंदीगडातल्या मराठी मंडळींत गुरुनाथ सामंतांची ओळख बँकेतला अधिकारी म्हणून कमी आणि प्रतिमाचा नवरा म्हणून जास्त होती. प्रतिमाकडे दारूचा उतारा होता. बदलीवर आलेल्या एअर फोर्सवाल्यांच्या किंवा सरकारी नोकरांच्या घरी पार्टी झाली, की दुसऱ्या दिवशी सकाळी सामंतांच्या दारात एखादी बाई रिकामं पातेलं घेऊन उभी असायची. वेंगुर्ल्याहून आणलेली आमसुलं भिजवायची, त्या पाण्यात जिरं, मीठ आणि थोडी साखर घालायची आणि तासाभराने वर मऊ पेज द्यायची. 'आणखी एक घोट घेतला की बरं वाटतं' म्हणणाऱ्या नवऱ्यांना ती असं झापायची, की त्यांची निम्मी तिथेच उतरायची. आमसुलांत विशेष काही नाही, पोटात पाणी, मीठ आणि अन्न गेलं की माणूस माणसांत येतो, हे ती स्वतःच सांगे. श्रेय मात्र सगळं घेई.

पंजाबात दहशतवाद पेटलेल्या त्या वर्षांत पार्ट्याही भलत्या वेळी होत. अंधार पडला की रस्त्यावर नाके लागत, झडत्या होत, आणि त्याहून वाईटही काही होऊ शके. म्हणून लोक दुपारी दोनला बसत आणि उन्हं उतरायच्या आत घर गाठत. पूर्वी मध्यरात्रीपर्यंत पुरवून प्यायची ती दारू आता तीन तासांत रिचवायची म्हटल्यावर डोकी जास्तच दुखत.

त्या रविवारी स्क्वाड्रन लीडर जयंत राजाध्यक्षांकडे त्यांच्या निरोपाची पार्टी होती. दोन पेगांवर ग्लास पालथा घालणारे गुरुनाथ त्या दिवशी रमचे सात पेग प्यायले. जयंतना वाटलं, आपल्या बदलीचं याला फारच वाईट वाटतंय. त्यांना गहिवरून आलं आणि त्यांनी स्वतःच्या हाताने आठवा भरला.

गुरुनाथ मात्र ठरवून पीत होते. दोन महिन्यांपूर्वी त्यांच्या शाखेवर दरोडा पडला होता. दारावरचा गार्ड दर्शन सिंग जागच्या जागी गेला. गोळी झाडणाऱ्याच्या तोंडावरचं फडकं क्षणभर घसरलं, आणि तो चेहरा काउंटरमागे बसलेल्या गुरुनाथांनी पाहिला. दुसऱ्या कुणीच पाहिला नाही. पहिल्या संतापाच्या भरात ते पोलिसांना म्हणाले, "पाहिलंय मी त्याला. कधीही ओळखीन." त्यानंतर ते रोज पेपर वाचत होते, आणि साक्षीदारांचं काय होतं ते पेपरात येत होतं. त्यांची मुलगी विनया रोज बसने कॉलेजला जायची.

आता संशयित पकडला गेला होता आणि सोमवारी अकरा वाजता जेलमध्ये ओळख परेड होती. गुरुनाथांना खोटं बोलता येत नसे, म्हणून त्यांनी खरोखरच आजारी पडायचं ठरवलं. सकाळी उठवणार नाही, डॉक्टर चिठ्ठी देईल, तारीख पुढे जाईल, तोवर मागितलेली नागपूरची बदली होईल. एवढा विचार केला, पण आपण झोपायला कुणाच्या घरी जाणार आहोत हे ते विसरले.

प्रतिमाने त्यांना दारातच ओळखलं. आडवं होऊ देण्याआधी चार पेले पाणी पाजलं, दहीभात भरवला, एका कुशीवर निजवलं आणि उशाशी तांब्या ठेवला. पहाटे उठवून आमसुलांचं पाणी दिलं आणि पुन्हा झोपवलं. आठ वाजता पेज, वर तुपाची धार, बाजूला लिंबाचं लोणचं. गुरुनाथांनी नको नको म्हणत दोन वाट्या संपवल्या. दाढी करताना ते चक्क गुणगुणत होते. आरशात स्वतःकडे लक्ष गेलं तेव्हा गप्प झाले.

"डोकं कसं आहे?" प्रतिमाने विचारलं.

"दुखतंय."

"कुठे?"

त्यांना जागा दाखवता येईना. प्रतिमा म्हणाली, "मग उठा. दर्शन सिंगाची बायको सकाळपासून तिथे येऊन बसली असेल."

ती बसलीच होती. जेलच्या फाटकापाशी बाकावर, पांढरी ओढणी घेतलेली मोहिंदर कौर. गुरुनाथांना पाहून ती उभी राहिली आणि तिने हात जोडले.

आत दहा माणसं ओळीत उभी केली होती. चौथ्याच्या डाव्या भुवईत जुनी खोक होती. तोच. गुरुनाथांना आयुष्यात इतकं स्वच्छ कधी दिसलं नव्हतं. त्या माणसाने त्यांच्याकडे कंटाळून पाहिलं आणि नजर पुढे नेली. गुरुनाथांना भीती वाटली, साधी भीती. लाज वाटायला अजून अवकाश होता. ते ओळीवरून दोनदा फिरले. मॅजिस्ट्रेटने विचारलं तेव्हा म्हणाले, "नहीं पहचान पा रहा, साहब. सर में बहुत दर्द है."

मॅजिस्ट्रेटने तसं लिहून घेतलं. बाहेर पडताना गुरुनाथांनी कपाळावर हात दाबून धरला होता, म्हणजे बाकाकडे बघावं लागू नये.

घरी प्रतिमा दारातच उभी होती.

"ओळखलंत?"

"डोकं ठणकत होतं. काही सुचेना."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग आत गेली आणि पेजेचं पातेलं घासायला घेतलं. ते घासणं बराच वेळ चाललं. संध्याकाळी जयंतच्या बायकोने, चित्राने, विचारलं तेव्हा प्रतिमा म्हणाली, "या खेपेला माझा उपाय लागू पडला नाही." चंदीगडातल्या अकरा वर्षांत ती असं प्रथमच म्हणत होती. त्यानंतर पातेलं घेऊन कुणी आलं, तर ती आमसुलं संपली म्हणून सांगे.

महिन्याभराने मोहिंदर कौरला नवऱ्याच्या जागी बँकेत घेतलं. लिहिता-वाचता येत नसल्याने पाणी द्यायचं काम मिळालं. पहिल्या दिवशी तिने सगळ्या टेबलांवर साधं पाणी ठेवलं. गुरुनाथांसमोर ठेवलेला पेला मात्र गढूळ होता.

"नींबू डाला है जी. काला नमक भी," ती म्हणाली. "जेल के मुंशी ने बताया था, उस दिन आपका सिर बहुत दुखता था. फिर भी आप मेरे वास्ते आए."

गुरुनाथांनी पेला उचलला.

"हुण ठीक हो जी?" आता बरं आहे ना, असं तिने विचारलं.

"ठीक हूँ," ते म्हणाले.

पेला परत न्यायचा म्हणून ती तिथेच उभी राहिली, आणि गुरुनाथांनी तो तिच्यासमोर शेवटच्या घोटापर्यंत संपवला.