हात दाबणारी बाई

तुमच्याही मोबाईलवर तो मेसेज आला असेल. 'सावधान! मुलं पळवणारी टोळी आपल्या भागात आली आहे. बुरख्यातल्या बायका, पांढरा टेम्पो. प्रत्येक आईपर्यंत पोहोचवा.' पाठवणाऱ्याचं नाव नाही, गावाचं नाव नाही, तारीख नाही. तरी तुम्ही तो पुढे ढकलला असेल. खोटं बोलू नका.

कर्जतहून जामखेडकडे जाताना आत वळलं की खडकेवाडी लागते. तिथं ज्ञानेश्वरीच्या घरात या मेसेजनं कुणाला धड जेवू दिलं नव्हतं. नवरा कानिफनाथ साखर कारखान्यावर कामाला. घरी ती, पहिलीतली संस्कृती आणि सासू मनकर्णा. ज्ञानेश्वरी दाराला कडी लावून भाकरी थापायची. रस्त्यावर टेम्पो वाजला की पिठाच्या हातानं खिडकीला जायची. पोरीला शाळेतही धाडेना.

"अगं, शाळा हाकंवर हाय," मनकर्णा म्हणाली. "कोंडून मारती का पोरीला?"

"आत्या, तुमी मोबाईल बघत न्हाई म्हणून तुमाला सुचतंय." सासूला ती आत्याच म्हणायची. "पलीकडल्या तालुक्यात दोन पोरं नेली. किडन्या काढून फेकून दिली!"

"कुनाची पोरं?"

"आता मला काय नावं म्हाईत?"

"आईबापाचं नाव न्हाई, गावाचं न्हाई. मंग ती पोरं आभाळातनं पडली व्हय?"

ज्ञानेश्वरी उठून दाराची कडी पुन्हा तपासून आली. शेवटी सासूनंच पोरीच्या लाल रिबिनी बांधल्या आणि तिला शाळेत सोडून आली.

दुपारी गावाच्या ग्रुपवर व्हिडिओ पडला. शाळेसमोरचा लिंब. खाली काळ्या बुरख्यातली एक म्हातारी, चेहरा उघडा. पुढ्यात लहान पोरगी. म्हातारीनं पोरीचा हात धरलाय, बोटं एकत्र करून दाबतेय. पोरगी तोंड वाकडं करून हात मागं ओढतेय. बस, एवढंच. खाली लिहिलेलं, 'टोळी आपल्या गावात!!'

पोरीच्या केसात लाल रिबिनी होत्या. एक सुटून खांद्यावर आलेली.

ज्ञानेश्वरीनं ग्रुपवर आवाज रेकॉर्ड करायचं बटण दाबून धरलं आणि ती मोबाईलमध्येच ओरडली, "माझी पोर हाय ती! धरा त्या बाईला! सोडू नका, मारा तिला!" आणि बोट उचललं. आवाज गेला.

ती अनवाणी धावली. मागून मनकर्णा, गुडघे सांभाळत.

लिंबाखाली गर्दी जमली होती. पोलिसांना एकानंही फोन केला नव्हता. शूटिंग मात्र सगळे करत होते. आणि त्या गर्दीतून, या खिशातून, त्या हातातून, एकामागून एक आवाज येत होता. "धरा त्या बाईला! सोडू नका, मारा तिला!"

ज्ञानेश्वरी जागच्या जागी थिजली. हा आपला आवाज? असा?

संस्कृती शाळेच्या पायरीवर मास्तरीणबाईंना बिलगून रडत होती. आईला बघून तिनं झेप घेतली. ज्ञानेश्वरीनं तिचे हात, पाय, मान, सगळं चाचपलं. धडधाकट होती पोर.

"आई, त्या आजीला मारू नका म्हण ना! ती मला बांगड्या भरनार हुती!"

"कोन आजी?"

"आपल्या आज्जीची मैत्रीन. मला इचारलं, मनकर्णाचं घर कुठंय. मी म्हनलं, माझीच आज्जी हाय. तर म्हनली, बघू तुझा हात केवढा हाय."

सकाळपर्यंत ज्ञानेश्वरीला एकच भीती होती, कुणीतरी आपली पोर नेईल. आता भीती दुसरीच होती. तिच्या शब्दानं एक माणूस मरत होतं!

"थांबा!" ती किंचाळली. "मीच हिची आई! सोडा तिला, चूक झाली!"

"वहिनी, तुमी बाजूला व्हा, आमी बघतो," कुणीतरी तिला मागं सारलं. मोबाईलमधली ज्ञानेश्वरी खऱ्या ज्ञानेश्वरीपेक्षा मोठ्यानं ओरडत होती, आणि लोक मोबाईलमधलीचंच ऐकत होते.

तेवढ्यात मनकर्णा गर्दीत घुसली. खाली पडलेल्या म्हातारीच्या कपाळातून रक्त येत होतं. पिशवी फाटली होती, मातीत काचेचा चुरा. मनकर्णानं वाकून तोंड पाहिलं आणि तिथंच फतकल मारून तिला मांडीवर घेतलं.

"शहजादी! अगं, तू व्हय!" मग तिनं मान वर केली. समोर काठी घेऊन करण उभा होता. वडापची, म्हणजे सीटा भरून प्रवासी नेणारी, जीप चालवणारा तरणा पोरगा; व्हिडिओही त्यानंच काढलेला. "हान की रं करन्या. थांबलास का? तुज्या आईच्या लग्नातला चुडा हिनं भरलाय. तुज्या बारशाला काळ्या मनगट्या हिनंच आनल्या. आदी मला हान, मंग हिला."

काठी खाली आली नाही, पण हातातूनही सुटली नाही. "आज्जी, व्हिडिओत दिसतंय की. पोरीचा हात पिरगाळत हुती."

"पिरगाळत?" मनकर्णानं आपला सुरकुतलेला हात म्हातारीपुढं धरला. "शहजादी, दाब. ह्यांना दाखव."

शहजादीनं तो हात आपल्या हातात घेतला. सवयीनं मनकर्णाचा अंगठा तळव्याखाली गेला, चारी बोटं एकत्र आली, पंजाची घडी झाली. बांगड्या भरणाऱ्या कासाराच्या नि मन्याराच्या हातात हात दिलेल्या प्रत्येक बाईला तो दाब माहीत असतो. क्षणभर कळ येते आणि बांगडी मनगटावर उतरते.

"हात लई वाळला गं तुझा, मनकर्णा," शहजादी पुटपुटली.

गर्दीतल्या म्हाताऱ्या बायकांनी तोंडाला पदर लावले. त्यांच्या प्रत्येकीच्या हाताचं माप या बाईच्या बोटात होतं. पण वाडीत बांगड्या कुरिअरनं यायला लागल्या, शहजादीची फेरी बंद पडली, आणि ज्यांच्या आयांना तिनं नटवलं त्या पोरांना ती नुसती एक बुरखेवाली दिसली. बांगडी घरपोच आली हे चांगलंच. पण माणूस दारातून गेलं, त्याचं कुणाला काय वाटलं?

"अफ्रीनचं लग्न हाय," शहजादी म्हणाली. "नातीचं. पोरं म्हनली, दादी, फोनवर पत्रिका पाठव. मी म्हनलं, तिथं तोंडानंच आवतन द्यायला पायजे."

करण चाचरला. "मी काय वाईट केलं? गाव जागं केलं. सगळेच पाठवतेत."

"आमच्या वक्ताला दवंडी यायची रं," मनकर्णा म्हणाली. "डफ वाजला की आमी आदी इचारायचो, दवंडी कुनाची? कोतवाल सांगायचा, पाटलाची, न्हाईतर तलाठ्याची. खोटी निघाली तर लोक जाऊन त्याच्या दारात बसायचे. ही तुमची खिशातली दवंडी कुनाची? सांग की! कुनाच्या दारात बसू मी?"

करणनं काठी खाली टाकली.

ज्ञानेश्वरीनं आपला आवाज ग्रुपवरून पुसला. करण खाली बघत म्हणाला, "वहिनी, त्याचा उपेग न्हाई. ते पार पुढच्या गावांत गेलंय. हिला धरायला फाट्यावर पोरं थांबलीत."

शहजादीला तर कर्जतच्या दवाखान्यात न्यायचं होतं, आणि रस्ता त्याच फाट्यावरून होता.

करणनंच जीप काढली. मागं ज्ञानेश्वरी, तिला टेकून डोक्याला पदराची चिंधी बांधलेली शहजादी. फाटा जवळ आला तसा करणनं वेग कमी केला. रस्त्यावर दगड मांडलेले होते.

"चाची, बुरखा काढून ठेवा ना," तो म्हणाला.

शहजादीनं निमूट गळ्याच्या बटणाला हात घातला. ज्ञानेश्वरीनं तो हात धरला. "का म्हनून काढायचा? बुरख्यानं केलंय व्हय हे?"

जीप थांबली. दहा-बारा तोंडं काचेला चिकटली. "हीच! हीच हाय!" एकानं मोबाईल वर धरला. "सोडू नका, मारा तिला!"

ज्ञानेश्वरी दार उघडून खाली उतरली. यातल्या एकानं दगड उचलला असता तर सगळं संपलं असतं.

"ते परत लाव," ती म्हणाली. "लाव म्हनते ना!"

त्यानं लावलं. मोबाईलमधून तिचा आवाज आला, आणि त्यावर तिनं तोंडानं तेच शब्द म्हटले. पोरं एकदा मोबाईलकडं, एकदा तिच्याकडं बघायला लागली.

"पटलं? हा आवाज माझा हाय. मी न बघता बोलले. माझ्या पोरीला कुनी पळवलं नव्हतं, ती बांगड्या भरत हुती. ही माझ्या सासूची मैत्रीन. हिला काय झालं तर खुनी मी, आन् माझ्यामागं तुमी. आता दगड काढा!"

मग त्यातला एक मुकाट्यानं वाकला आणि त्यानं पहिला दगड बाजूला केला.

शहजादी वाचली. खडकेवाडीत मात्र ती परत आली नाही. तिनं का यावं?

वाचकहो, यंत्र बदललं म्हणून मी रडत नाही. डफ गेला, मोबाईल आला, बरंच झालं. पण 'दवंडी कुणाची?' हा प्रश्न डफाबरोबर पुरून टाकायला कुणी सांगितलं होतं? बोट तुमचं आहे, म्हणून त्याचं पापही तुमचंच आहे. ज्याच्यापुढं उभं राहून बोलायची छाती नाही, असा एकही शब्द पुढं पाठवू नका. त्या दिवशी फाट्यावर ज्ञानेश्वरी उतरली. तुमच्या मेसेजमागं तुम्ही उतराल?

अफ्रीनच्या लग्नाला मनकर्णा सुनेला आणि नातीला घेऊन गेली. शहजादीनं ज्ञानेश्वरीचा हात मांडीवर घेतला आणि घडी करून दाबला. ज्ञानेश्वरीच्या डोळ्यात टचकन पाणी आलं.

"दुखलं का बेटी?"

"दुखू द्या," ती म्हणाली आणि हात तसाच राहू दिला.