शेवटचे तीन चमचे

मी तिसऱ्या फळीवरच्या बाटलीतली माती बोलतेय. बसून बसून अंग आंबलंय माझं, पण आज गप्प बसवत नाही.

तीस वर्षांपूर्वी मला एका गव्हाच्या शेतातून उचललं, वाळवलं, चाळलं आणि 'प्रयोगाआधीची' अशी चिठ्ठी डकवून इथे ठेवलं. माझी बहीण शेतातच राहिली. तिच्याभोवती नळ्या उभ्या करून पिकावर जास्तीचा कार्बन डायऑक्साइड सोडू लागले. पुढे हवेत तो वाढणारच, मग मातीत कार्बन किती साठेल, हे त्यांना बघायचं होतं. तुलनेसाठी दर वेळी माझा एक चमचा भट्टीत जाळतात. आज सकाळी एक गेला, आता तीनच उरलेत.

गहू नुसता तरारला होता. गेल्या वर्षी बहिणीचा कार्बन माझ्यापेक्षा जास्त निघाला आणि प्रयोगशाळेतल्या बाई हरखल्या. शेतवाल्या काकांना त्यांनी सांगूनही टाकलं, "आता शेणखत नाही टाकलं तरी चालेल."

मी तेव्हापासून अस्वस्थ आहे. मातीतली केसासारखी मुळं चिमट्याने वेचायला तासभर लागतो. त्या दिवशी बाईंना रजेवर जायची घाई, म्हणून दहा मिनिटांत उरकलं. मुळांचा कार्बन मातीच्या नावावर गेला. मला सगळं दिसत होतं, पण झाकण घट्ट!

आज मुळं वेचणारे मामा म्हणाले, "बाई, या खेपेला एकूण एक मूळ काढलंय. बघा आकडा."

"अहो, हा तर जुन्या मातीपेक्षाही कमी आहे!"

"गेल्या वर्षी तुम्हीच म्हणालात, दहा मिनिटं पुरेत."

झालं होतं असं: पीक वाढलं तसा मुळांनी गोड रस जास्त पाझरवला. मातीतल्या जंतूंना चटक लागली आणि त्यांनी बहिणीची जुनी साठवणही फस्त केली. वर शेणखत बंद. काय उरणार तिच्याकडे?

बाईंनी लगेच फोन लावला. "काका, चूक माझीच. शेणखत टाका, याच हंगामात."

"कुठलं टाकू, बाई? तुमच्या शब्दावर जनावरं विकली मी."

मग बाई म्हणाल्या, "उद्या येते मी. कुठूनतरी आणूच."

आता त्या माझं झाकण उघडताहेत. पुन्हा एकदा खात्री करायची म्हणे. करा, मी नाही म्हणत नाही. पण बाई, आधी बहिणीतली मुळं आजच्यासारखीच नीट वेचा. बहीण पूर्वी कशी होती, हे सांगायला माझे दोनच चमचे उरतील.