रिमेन म्हणजे राहणे

मुलुंडच्या एका रंगाच्या कारखान्यात सुधाकर कर्णिक इंग्रजी पत्रव्यवहार सांभाळत. १९८४ साली त्यांना नाहूरच्या कंपनीत वरची जागा मिळाली. त्यांनी राजीनामा टाइप केला आणि जुन्या रिवाजाप्रमाणे शेवटी लिहिले, ‘आय बेग टु रिमेन, सर, युवर ओबीडियंट सर्व्हंट.’

कारखान्याचे मालक दिघेसाहेब यांनी तेवढीच ओळ वाचली.

“कर्णिक, बेग म्हणजे?”

“विनवणी, साहेब.”

“आणि रिमेन?”

“राहणे.”

“म्हणजे तुम्ही इथे राहण्याची विनवणी करताय. मंजूर!”

“अहो साहेब, ती नुसती पद्धत. त्याला अर्थ नसतो.”

“म्हणजे इतकी वर्षं माझ्या सहीने बिनअर्थाची पत्रं पाठवलीत?”

हो म्हटले असते तर नोकरी तिथल्या तिथे गेली असती, आणि कर्णिकांना तेच तर हवे होते. पण सवयीने तोंडातून निघाले, “नाही, साहेब.”

“बरं. ओबीडियंट म्हणजे?”

“आज्ञाधारक.”

“मग जागेवर जाऊन बसा.”

कर्णिक जागेवर जाऊन बसले.