पुढची बारकी चाकं

लोहाऱ्याकडच्या आमच्या शेतात चार खाटा मावतील एवढा तुकडा कधी नांगरला जात नव्हता. तिथं पूर्वी विहीर होती. रझाकाराच्या साली आम्ही सारे निजामाच्या हद्दीबाहेर, बार्शीकडं पळालो. धाकटे दीर ज्ञानोबा बैलांसाठी मागं राहिले. परत आलो तेव्हा बैल रानात मोकळे फिरत होते, विहीर काठोकाठ मातीनं बुजलेली होती आणि ज्ञानोबा नव्हते.

"माझा धाकटा ल्योक सोलापुरात गिरणीला हाय," सासूबाई म्हणायच्या. तिथं कुणाला कुदळ मारू देत नव्हत्या. बैलही त्या जागेपाशी थबकून वळायचे. वेळ अमावस्येला रानाची पूजा करून रानभर आंबील शिंपताना सासूबाई तेवढी जागा टाळून जायच्या. तिथं शिंपलं, तर तिथं कुणीतरी आहे असं झालं असतं.

एकसष्टच्या उन्हाळ्यात माझ्या मालकांनी, बलभीमांनी, भाड्यानं ट्रॅक्टर आणला. तो तुकडाही नांगरायचा म्हणाले. सासूबाई बांधावर येऊन उभ्या राहिल्या.

"आसलं कसलं रं जनावर? पुढचं पाय बारकं, मागचं थोरलं."

शांतलिंग ड्रायव्हर हसला. "आजी, सगळा जोर मागच्या चाकांत. मोठं चाक ढेकळं धरून ढकलतंय. बारकी फकस्त वळायला. त्यास्नी इंजिनचा जोरच न्हाय, ढकलली की फिरत्यात."

"मंजी ढकलंल तिकडं मुकाट जात्यात. माझं बैल बरं, पाय टाकायच्या आधी इचार करत्यात."

"बैलाला डिझेल पाजून बघा, मग त्योबी इचार करायचा न्हाय!"

पुढची चाकं त्या तुकड्यावरून सहज गेली. सगळं वजन मागं. मोठं चाक आलं तशी जमीन खचली. शांतलिंगनं जोर दिला, चाक आणखी खोल गेलं, ट्रॅक्टरचं तोंड वर उठलं. त्यानं उडी टाकली. इंजिन धापा टाकून बंद पडलं.

पुढची दोन्ही चाकं अधांतरी होती आणि फिरत होती. थांबायची, परत फिरायची. आधी एक, मग दुसरं, कुणी दमून पावलं टाकावीत तसं. भर दुपारी वाऱ्याची झुळूकसुद्धा नव्हती. आम्ही किती वेळ बघत राहिलो सांगता येणार नाही.

मोठ्या चाकाशेजारी भगदाड पडलं होतं. त्यातून गार, ओलसर वास येत होता. बलभीम पालथे पडून आत वाकले.

"बलभीमा, बघू नगं!" सासूबाई ओरडल्या. "बघितलंस तर काय दिसलं ते मला सांगावं लागंल."

ते तसेच पडून राहिले. वरची चाकं थांबली. मग ते उठून गुडघ्यांवर बसले.

"काय न्हाय, आई. नुसता गाळ हाय."

संध्याकाळी आठ बैल जुंपून, लांब साखळीनं ट्रॅक्टर ओढून काढला. बलभीमांनी भगदाड बुजवायला घेतलं. पहिली माती टाकण्याआधी त्यांनी पायांतल्या वहाणा काढून बाजूला ठेवल्या.

सासूबाईंनी ते पाहिलं. मग तोंड फिरवून शांतलिंगला विचारलं, "तू जेवलास का रं?"